ओठामागची टाळू

आमच्या मुलाचा वरचा ओठ जन्मतःच दोन्ही बाजूंना दुभंगलेला होता आणि टाळू पुढच्या हिरडीपासून पडजिभेपर्यंत उघडी होती. ओठाचा मधला तुकडा आणि त्यामागचे, पुढच्या दातांचे अंकुर असलेले हिरडीचे हाड दोन्हीकडून सुटून नाकाच्या शेंड्याखाली पुढे आले होते. आता तो दहा वर्षांचा असून पाचवीत शिकतो, आणि गेल्या वर्षी त्याच्या हिरडीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया झाली. इतक्या वर्षांत भेटलेल्या बहुतेकांनी, मग ते नातेवाईक असोत की शेजारी, त्याच्या ओठाकडे पाहिले आणि ओठ शिवला गेला त्या दिवशी सगळे पार पडले असे धरून चालले. आमची वर्षे मात्र टाळूपायी गेली. म्हणून या लिखाणात ओठाविषयी थोडे आणि टाळूविषयी बरेच येईल.

आम्ही खानापूर तालुक्यातले. यजमान बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतात आणि मी एका पतसंस्थेत कारकून आहे. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरांना ओठ दुभंगलेला दिसला आणि त्यांनी तो आम्हा दोघांनाही पडद्यावर दाखवला. टाळूबद्दल मात्र त्यांनी काही सांगायचे टाळले, कारण चेहऱ्याच्या हाडांच्या सावलीत ती नीट दिसत नाही. बाळ जन्मल्यावर तोंडात बोट घालून आणि बॅटरीच्या उजेडात पाहूनच खात्री होईल, असे ते म्हणाले. त्यामुळे राहिलेले चार महिने आम्ही अर्ध्याच माहितीवर काढले.

सासूबाईंचा पहिला प्रश्न ग्रहणाचा होता. "ग्रहणात विळी हातात घेतलीस काय ग?" असे त्यांनी विचारले खरे, पण ग्रहणाच्या वेळी मला माजघरात बसवून ठेवणाऱ्या त्याच होत्या, सुई, सुरी, विळी यांतले काहीही त्यांनी माझ्या आसपास राहू दिले नव्हते. पाळणूक इतकी कडक होती की नंतर दोष द्यायला काही उरले नाही, तेव्हा तो माझ्या माहेरच्या कुणाकडे तरी वळवण्यात आला. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी यावर दिलेले उत्तर मला फार उपयोगी पडले. वरचा ओठ गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते. आमचे ग्रहण चौथ्या महिन्यात आले होते. म्हणजे जे व्हायचे ते त्याआधीच होऊन गेलेले होते. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला ओठ किंवा टाळूचे असे व्यंग असते. त्यामागे आनुवंशिकता, गरोदरपणातले तंबाखू-सिगारेटचे व्यसन, फिट्सवरची काही औषधे अशी कारणे असू शकतात आणि पुष्कळदा एकही कारण सापडत नाही. आमच्यात एकही सापडले नाही. हे सासूबाईंना पटले की नाही ते सांगता येत नाही, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

जन्मानंतर पहिली अडचण दुधाची आली. दूध ओढायचे तर तोंड सगळीकडून बंद करून आतल्या हवेचा दाब कमी करावा लागतो. टाळू उघडी असली की तोंड आणि नाक एक होते आणि बाळाने कितीही जोर लावला तरी ओढ निर्माण होत नाही. आमचा मुलगा भुकेने चोखण्याची धडपड करायचा, दमून झोपून जायचा आणि त्याच्या पोटात मात्र काहीच गेलेले नसायचे. मग मी दूध पिळून काढू लागले. सासूबाईंनी घरातले जुने चांदीचे बोंडले शोधून काढले, आणि रुग्णालयातल्या परिचारिकेने त्याला नावे न ठेवता ते उकळून कसे घ्यायचे आणि वापरायचे कसे ते शिकवले: बाळाला आडवे न ठेवता जवळजवळ बसते धरायचे, गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे दूध सोडायचे आणि एक घोट गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. रात्रीसाठी मऊ प्लास्टिकची, दाबता येणारी बाटली होती. तिच्या बुचाला फुलीसारखा छेद दिलेला असे आणि बाळाने चोखायला सुरुवात केली की आपण बाटली दाबायची. दूध नाकातून बाहेर यायचे. पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो, परंतु ते तेवढ्यापुरतेच असते. पुसायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढे चालू करायचे. पोटात हवा फार जाते म्हणून मधूनमधून ढेकर काढावा लागतो. एकेक पाजणे अर्ध्या तासात आटोपायचे, नाहीतर मिळालेली शक्ती बाळ पिण्यातच खर्च करून टाकते, हेही तिनेच सांगितले. अंगणवाडीतल्या काट्यावर त्याचे वजन वाढताना दिसू लागले तेव्हा घरातल्यांना धीर आला.

अंगणवाडी सेविकेमुळेच आम्हाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती मिळाली. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यातल्या जन्मजात व्यंगांच्या यादीत ओठ-टाळू दुभंगणे हेही आहे. आमच्या भागात दुखणे मोठे म्हटले की लोक मिरजेचे नाव घेतात आणि आम्हालाही तोच सल्ला मिळाला. तरी आम्ही बेळगाव निवडले. प्लास्टिक सर्जन, दातांचे डॉक्टर आणि वाचा-उपचार करणारे असे सगळे एका छताखाली असलेले रुग्णालय तिथे होते आणि खानापूरहून बसने तासाभरात पोचता येत होते. शस्त्रक्रिया दोन-चारच होतात, पण त्यांच्या आगेमागे वर्षानुवर्षे फेऱ्या असतात, त्यामुळे अंतराचा विचार आधी करणे मला आजही योग्य वाटते. शस्त्रक्रियेचा खर्च आम्हाला पडला नाही. १९९९ मध्ये स्थापन झालेली स्माईल ट्रेन ही अमेरिकी संस्था भारतातल्या अनेक रुग्णालयांना या कामासाठी पैसे देते आणि आमच्या रुग्णालयातही तीच सोय होती. औषधे, प्रवास आणि बुडालेली हजेरी यांचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

ओठ शिवण्याच्या आधी दंत विभागात प्लेटचे काम चालले. पुढे आलेले मधले हाड तसेच ठेवून ओठ शिवला तर टाक्यांवर ताण येतो, म्हणून ते आधी हळूहळू मागे आणायचे असते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाळाची कूर्चा मऊ आणि वळवण्याजोगी असते. तेवढ्यात हे उरकावे लागते. वरच्या हिरडीचा साचा भूल न देता, बाळाला पालथे धरून घेतला. तो सारखा रडत होता आणि डॉक्टरांना ते रडणे हवेच होते, कारण रडणे ऐकू येते तोवर श्वास मोकळा आहे हे कळते. साच्यावरून गुलाबी ॲक्रिलिकची प्लेट तयार झाली. ती तोंडात बसवून दोन्ही गालांवर चिकटपट्ट्यांनी आणि बारीक रबरांनी ओढून धरायची, रोज काढून धुवायची आणि दर आठवड्याला बेळगावला जाऊन तिचा आकार थोडा थोडा बदलून घ्यायचा. फट पुरेशी कमी झाल्यावर प्लेटलाच नाकपुड्या वर उचलणारे दोन आकडे जोडले गेले. खानापूरच्या पावसाळ्यात गालावर चिकटपट्टी टिकवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. कातडी लाल होऊन सोलू लागली तेव्हा परिचारिकेने आधी कातडीवर एक मऊ पट्टी लावून तिच्यावर ओढणारी पट्टी चिकटवायला सांगितले आणि मग जमले. बसमध्ये लोक टक लावून पाहत. यजमान बरोबर असले की ते सरळ समजावून सांगत. मी खिडकीबाहेर पाहत असे.

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांचा एक जुना ढोबळ नियम आहे: वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १०. आमच्याकडे तिन्ही जमले, हृदयाची तपासणीही चांगली आली, पण सर्दीमुळे तारीख पुढे गेली आणि शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो पाच महिन्यांच्या आसपास होता. भुलेआधी आईचे दूध चार तास बंद ठेवावे लागते. संमतिपत्र कानडीत आणि इंग्रजीत होते. हुबळीकडच्या एका तरुण डॉक्टरांनी कानडीमिश्रित मराठीत त्यातले प्रत्येक कलम समजावून सांगितल्याशिवाय आमची सही घेतली नाही. ओठाच्या मधल्या तुकड्यात स्नायू नसतात, असे त्यांनीच सांगितले. दोन्ही बाजूंचे स्नायू मध्ये आणून एकमेकांना जोडले तरच ओठ हलतो, नाहीतर नुसती कातडी शिवल्यासारखे होते. शस्त्रक्रियेनंतर त्याने बोटे तोंडात घालू नयेत म्हणून कोपरे वाकणार नाहीत अशा पट्ट्या दोन्ही हातांना बांधल्या. चेहरा सुजलेला होता आणि ओळखीचा वाटत नव्हता; त्याचे आधीचे रुंद हसू मला काही दिवस आठवत राहिले, हे कुणाला सांगितले तर विचित्र वाटेल म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही.

महिन्याभरात सूज उतरली आणि घरी माणसांची रीघ लागली. सासूबाई सौंदत्तीला जाऊन यल्लम्माचा नवस फेडून आल्या. नवस ओठाचाच बोललेला होता.

टाळूची शस्त्रक्रिया पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास झाली. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी फारसे कुणी आले नाही, आणि खरे सांगायचे तर मला ती ओठापेक्षा कितीतरी जड गेली. सर्जनांनी तिचे दोन हेतू समजावले होते. पहिला, तोंड आणि नाक वेगळे करणे, म्हणजे खाल्लेले नाकात जाणार नाही. दुसरा त्यांनी अधिक महत्त्वाचा मानला: मागची मऊ टाळू हे नाकाकडे जाणाऱ्या वाटेचे दार आहे आणि ते बोलताना दर अक्षराला उघडते-मिटते. दुभंगलेल्या टाळूत हे दार हलवणारे स्नायू मध्यभागी एकमेकांना जोडलेले नसतात. ते पुढे जाऊन कठीण टाळूच्या कडेला चिकटलेले असतात. तिथून सोडवून, मागे वळवून, आडवे जोडल्याशिवाय भोक बुजले तरी टाळू हलत नाही. हे काम बोलायला लागण्याच्या आधी करायचे असते आणि फार लवकर केले तर वरच्या जबड्याची वाढ खुंटण्याचा धोका असतो, म्हणून वयाचा हा मधला काळ निवडतात.

ती रात्र त्याने अतिदक्षता विभागात काढली, कारण घशात सूज येऊन श्वास अडण्याची भीती असते. लाळेत रक्त येत होते, आवाज बसला होता आणि दुखण्यामुळे तो पाणीही गिळत नव्हता. घरी आल्यावर काही आठवडे सगळे पातळच द्यायचे होते: पेजेचे निवळ, गाळलेले वरण, दूध, आणि प्रत्येक खाण्यानंतर टाके धुऊन निघावेत म्हणून थोडे पाणी. चमचा तोंडात खोल घालायचा नाही, स्ट्रॉ द्यायची नाही. टाके भरून आले, पण पुढच्या मधल्या हाडामागे एक बारीक छिद्र राहिले. दोन्ही बाजूंचे व्यंग असलेल्या मुलांत त्या जागी असे होणे नवल नाही; तिथे कातडे कमी आणि ताण जास्त असतो. चहा किंवा आमटी घाईने प्याली की नाकातून थेंब यायचा. ते छिद्र पुढे हाड भरताना बंद करू, असे सर्जन म्हणाले, आणि पुढे तसेच झाले.

कानांचा भाग आम्हाला अगदी अनपेक्षित होता. टाळूचेच काही स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडतात; ते नीट काम करत नसतील तर पडद्यामागे पाणी साठते आणि मुलाला कमी ऐकू येते. हाक मारली तरी तो वळत नसे आणि सगळ्यांना ते हट्टीपण वाटे. तपासणीत दोन्ही कानांत पाणी निघाले आणि पडद्यांत बारीक नळ्या बसवाव्या लागल्या. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ऐकण्याची तपासणी कुणी सांगण्याची वाट पाहू नये, एवढे मी आवर्जून म्हणेन.

आता बोलण्याकडे येते. प, ब, ट, ड, क, ग या अक्षरांना तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू मिटली नाही तर ती हवा नाकातून निसटते आणि ब चा म होतो, ड चा न होतो. आमच्या मुलाला 'बाबा' म्हणायचे असे आणि तोंडातून 'मामा' येई. माझा भाऊ निपाणीहून आला की या प्रकारावर खूश असायचा, कारण संध्याकाळी यजमान दारात आले तरी पोरगे 'मामा' म्हणून धावत जाई. यजमान हसत असत, पण जेवताना ते त्याला 'बाबा' म्हणायला लावत आणि तो पुन्हा 'मामा' म्हणे. टाळू शिवल्यावर हे आपोआप सुटेल असे आम्हाला वाटत होते. पण शस्त्रक्रिया फक्त हत्यार देते, ते वापरण्याची सवय मुलाला वेगळी लावावी लागते. शिवाय तोवर त्याने आपली वाट काढलेली होती: क म्हणण्याऐवजी तो घशातच एक ठसका अडवायचा आणि घरातल्यांना तो कळायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा ती सवय मोडायला घेतली.

फुगे फुगवा, पिपाणी वाजवा, मेणबत्ती विझवा असे सल्ले आम्हाला गावभर मिळाले. बाईंनी ते सगळे बंद करायला लावले. फुंकण्याचा सराव केला तर फुंकणे सुधारते, बोलणे बोलूनच सुधारते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या धारवाडकडच्या, त्यांच्या सरावाच्या याद्या कानडीत. 'अप्प', 'पापा' असे शब्द आमच्या मुलाने त्यांच्यासमोर आनंदाने म्हटले, पण घरी ते कुणी बोलत नाही, म्हणून मी पतसंस्थेच्या जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानांवर मराठी यादी तयार केली: पाट, पापड, पोळपाट, टोपी, पाटी, काका, काकडी, फाटक. नाकपुडीखाली छोटा आरसा धरायचा आणि 'पापड' म्हणताना त्यावर धुके येते का ते पाहायचे, हा खेळ त्याला आवडे. बाई माझ्या यादीतून अक्षर तपासून घेत. एका ठिकाणी मात्र आम्हा दोघींचीही पंचाईत झाली: 'चमचा' आणि 'जहाज' यांतले दातांजवळचे च आणि ज. असे उच्चार त्यांच्या कानडी यादीत नव्हते आणि पुढचे दात वेडेवाकडे असलेल्या मुलाला तेच सर्वांत कठीण. शेवटी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून जिभेची जागा समजून घेतली आणि मग त्याला शिकवली. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे हे सगळे फोनवर आले. फोनवरून नाकातला आवाज नेमका कळत नाही, तरी सराव सुटला नाही. मास्कच्या त्या काळात बाजारात त्याच्याकडे कुणी वळून पाहत नव्हते, पण बोललेले तर कुणालाच कळत नव्हते.

सहाव्या वर्षी नाकातून दुर्बीण घालून टाळू किती मिटते ते पाहिले. थोडी फट राहत होती, परंतु सराव चालू ठेवून थांबता येण्याजोगी होती, म्हणून दुसरी शस्त्रक्रिया टळली. सगळ्यांची टळत नाही.

हाड भरण्याची शस्त्रक्रिया पक्का सुळा खाली यायच्या आधी करतात, म्हणजे सुळ्याला उतरायला हाड मिळते. दोन्ही बाजूंना फट असलेल्या मुलांत मधले हाड तोवर हलते राहते. आमच्या मुलाचे पुढचे दात बोटाने हलवले की मागचे हाडच हलायचे. आधी काही महिने ऑर्थोडॉन्टिस्टने तार बसवून वरचा जबडा रुंद केला. या फेऱ्यांच्या वेळी बायकांना सरकारी बसमधून मोफत प्रवास देणारी कर्नाटकची शक्ती योजना सुरू झालेली होती, त्यामुळे २०२३ च्या जूनपासून माझे बसभाडे तरी वाचले. शस्त्रक्रियेत कमरेच्या हाडातला मऊ गर काढून हिरडीच्या दोन्ही फटींत भरला आणि ते जुने छिद्र बंद केले. तोंड त्याला फारसे दुखले नाही. दुखली ती कंबर, आणि काही दिवस तो लंगडत चालत होता. आता त्याला स्वतःला सगळे समजते. भुलेच्या खोलीत जाण्याआधी त्याने डॉक्टरांना विचारले की कमरेतले हाड काढल्यावर तिथे खड्डा राहील का. नवीन हाड तयार होते असे त्यांनी सांगितल्यावर तो आत गेला.

सहा महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत दोन्हीकडचे हाड धरलेले दिसले. उजवा सुळा भरलेल्या हाडातून खाली सरकतो आहे. डावा रेंगाळला आहे आणि आपणहून आला नाही तर हिरडी उघडून त्याला साखळीने ओढून आणावे लागेल. वरचा जबडा खालच्यापेक्षा किंचित मागे आहे. तो पुढे आणायची गरज पडेल का आणि नाकाचे शेवटचे काम किती करायचे, हे वाढ पूर्ण झाल्यावर, अठराव्या वर्षाच्या सुमारास ठरेल. बोलणे नव्या माणसालाही कळते. दमला किंवा घाईत असला की स अजून नाकातून निसटतो, म्हणून सराव चालू आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे आणि एक्स-रे व ऐकण्याची तपासणी त्याच दिवशी करून घ्यायचे ठरले आहे, म्हणजे शाळा एकदाच बुडेल.